पृष्ठवंशाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि विद्युत्-उत्तेजन : मात्रा व काल यांचा विचार

पृष्ठवंशाच्या शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. सरकलेल्या चकतीचा भाग काढणे, मज्जारज्जूवरील दाब मोकळा करणे, दोन मणके स्क्रू व सळ्यांनी जोडणे ही कर्मे पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत नित्याची झाली असून मावळ तालुक्यातील रुग्णही त्यांसाठी तिकडे जातात. शस्त्रक्रिया होते, टाके कोरडे दिसतात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रुग्ण घरी येतो. घर म्हणजे कधी लोणावळ्यातील दुसऱ्या मजल्यावरची खोली, तर कधी नाणे मावळात किंवा आंदर मावळात, डांबरी रस्ता संपल्यावर पुढे असलेली वस्ती. शल्यचिकित्सक तेथून पन्नास-साठ किलोमीटर दूर असतो, फिजिओथेरपिस्ट घरी येण्याची सोय क्वचितच असते, आणि रात्री वेदना वाढली की रुग्णाचा मुलगा जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. म्हणजेच आपल्याकडे येतो.

अलीकडे या भेटींत एक प्रश्न हमखास विचारला जातो. “डॉक्टर, ते करंटचं मशीन लावलं तर चालंल का?” कोणा शेजाऱ्याने वापरलेले असते, कोणी जाहिरात पाहिलेली असते, कोणाच्या हातात तर खोकाच असतो. हे यंत्र म्हणजे टेन्स, त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून मज्जातंतूंना सौम्य विद्युत् स्पंद देणारे छोटे बॅटरीचे साधन. आपल्यापैकी अनेकांनी ते दवाखान्यात ठेवले आहे, काही औषध विक्रेते ते भाड्यानेही देतात. मात्र ते कोणाला, केव्हा, किती द्यावे याविषयी आपल्या व्यवसायबंधूंत जी सैल समजूत आढळते, ती पाहता हा विषय या पानांवर सविस्तर मांडावासा वाटला.

शस्त्रजन्य वेदनेचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात शस्त्रपातामुळे उत्पन्न झालेल्या तीव्र वेदनेवर यष्टीमधुसिद्ध कोमट घृताचा परिषेक सांगितला आहे. शस्त्रकर्म उत्तम झाले तरी वेदना उरते आणि तिची स्वतंत्र चिकित्सा करावी लागते, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते. अभिघाताने वातप्रकोप होतो आणि वाताशिवाय शूल नाही, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. परंतु टेन्स यंत्र वाताचे शमन करते, असे जे काही माहितीपत्रकांत छापलेले दिसते, ते आम्हांस मान्य नाही. हे यंत्र ना दोष बदलते, ना व्रण भरते, ना चकती जागेवर आणते. ते वेदनास्थापन करते, तेही बहुतांशी लावलेले असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा काळ. एवढी मर्यादा मान्य करून वापरल्यास ते उपयुक्त आहे.

विद्युत् आणि वेदना यांचा संबंध प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखी आणि वातरक्तासारख्या विकारांवर टॉर्पेडो जातीच्या जिवंत विद्युत्-माशाचा स्पर्श सुचविला होता. त्याला शास्त्रीय बैठक मात्र १९६५ साली मिळाली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी त्या वर्षी वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला. १९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी त्वचेजवळील मज्जातंतूंना विद्युत् स्पंद देऊन वेदना तात्पुरती थांबते हे दाखविले, आणि त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूजवळ बसविण्याचे पहिले उत्तेजक रोपण केले. अंगावर लावायचे लहान यंत्र १९७० च्या दशकात आले. गंमत अशी की प्रारंभी त्याचा एक उपयोग कोणत्या रुग्णात रोपण यशस्वी होईल हे आधी पारखण्यासाठी केला जात असे. पारख करता करता अनेकांना नुसत्या बाह्य यंत्रानेच आराम पडू लागला.

सिद्धान्त समजण्यास सोपा आहे. पुणे-लोणावळा मार्गावरील रेल्वे फाटक डोळ्यांसमोर आणावे. गाडी धडधडत जात असेल तोवर फाटक बंद, आणि बैलगाडीला थांबणे भाग. स्पर्श व कंपन वाहणारे जाड मज्जातंतू सेकंदाला पस्तीस ते पंचाहत्तर मीटर वेगाने संदेश नेतात. जळजळीची, ठणकणारी वेदना वाहणारे बारीक तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर वेगाने. जाड तंतूंतून संदेशांची रांग अखंड चालू ठेवली की मज्जारज्जूतील द्वार बारीक तंतूंच्या संदेशाला आवरते. ठेच लागल्यावर आपण नकळत बोट चोळतो, त्यामागे हेच तत्त्व. पुढील संशोधनात असेही आढळले की उच्च व मंद अशा दोन्ही वारंवारतांनी शरीरातील अफूसदृश द्रव्ये कार्यान्वित होतात, फक्त त्यांची ग्राहकस्थाने वेगळी. मंद, म्हणजे दोन ते चार हर्ट्झचे स्पंद ज्या ग्राहकांवर काम करतात, त्याच ग्राहकांवर मॉर्फीन व तत्सम औषधे काम करतात. म्हणून अशी औषधे दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णात मंद वारंवारता फिकी पडते. तेथे ऐंशी ते शंभर हर्ट्झची उच्च वारंवारता निवडावी.

पुरावा काय सांगतो

येथे वाचकांनी थोडे थांबून वाचावे अशी विनंती आहे, कारण ‘टेन्स उपयोगी आहे’ आणि ‘टेन्स निरुपयोगी आहे’ ही दोन्ही विधाने छापील स्वरूपात सापडतात आणि आपापल्या जागी दोन्ही खरी आहेत.

जान ब्योर्डाल व सहकाऱ्यांनी २००३ साली शस्त्रक्रियोत्तर वेदनेवरील २१ यादृच्छिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत एकूण १३५० रुग्ण होते. खोट्या यंत्राच्या तुलनेत खऱ्या यंत्राने वेदनाशामक औषधांची गरज सरासरी २६.५ टक्क्यांनी घटली. पण खरी गोष्ट पुढे आहे. ज्या ११ चाचण्यांत प्रवाह ‘जोरदार, तरी सहन होईल असा’ ठेवला होता आणि वारंवारता योग्य होती, त्यांत ही घट ३५.५ टक्के होती. ज्या चाचण्यांत प्रवाहाच्या जोराची खात्री नव्हती, त्यांत ती अवघी ४.१ टक्के. द्रव्य तेच, केवळ मात्रा वेगळी. युक्ती ही मात्रा आणि काल यांवर अवलंबून असते, हे चरकाचार्यांचे तत्त्व ज्यांना पाठ आहे, त्यांना या आकड्यांचे आश्चर्य वाटू नये.

पृष्ठवंशाच्या शस्त्रक्रियेपुरते पाहिले तर चित्र इतके स्वच्छ नाही. कटीच्या लॅमिनेक्टॉमीनंतरच्या २० रुग्णांवर १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीत खऱ्या व खोट्या यंत्रांत फरक आढळला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र मोठ्या पृष्ठवंश-शस्त्रक्रियेच्या रुग्णांना छेद घेण्यापूर्वी आणि नंतर असे विद्युत्-उत्तेजन दिले असता अफूवर्गीय औषधांची गरज कमी झाली. रुग्णसंख्या दोन्हीकडे लहान आहे. २०२२ साली मार्क जॉन्सन व सहकाऱ्यांनी सर्व प्रकारच्या वेदनांवरील ३८१ चाचण्यांचा आढावा घेतला. यंत्र लावलेले असताना व काढल्यावर लगेच वेदनेची तीव्रता खोट्या यंत्रापेक्षा कमी असते, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता दुसरी बाजू. १९९० साली रिचर्ड डेयो यांनी जीर्ण कटिशूलाच्या १४५ रुग्णांवर केलेल्या चाचणीत टेन्स हे खोट्या यंत्राहून सरस ठरले नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने जीर्ण कटिशूलात त्याची शिफारस नाकारली, २०१२ मध्ये तेथील सरकारी विमा योजनेने त्यासाठी खर्च देणे बंद केले, आणि २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कटिशूल व गृध्रसीसाठी टेन्स देऊ नये असे मार्गदर्शन केले.

या सर्वांतून आम्ही जो अर्थ घेतो तो असा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आणि फार तर काही आठवड्यांत, इतर उपचारांच्या जोडीला आणि पुरेशा जोरात दिलेले टेन्स रुग्णाच्या गोळ्या कमी करू शकते. सहा महिने उलटून गेलेल्या जुनाट कंबरदुखीवर तेच यंत्र विकणे वा भाड्याने देणे हे रुग्णाच्या पैशांचा अपव्यय आहे. दुकानांतून होणारी विक्री पाहिली तर ती नेमकी उलट्या प्रमाणात होते, हे आमचे निरीक्षण आहे.

आमची पद्धत

प्रथम शल्यचिकित्सकाचे डिस्चार्ज कार्ड वाचावे. कोणता मणका, कोणते कर्म, स्क्रू आहेत की नाहीत, पुढील भेट कधी, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय. आणि त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलून यंत्र लावण्यास संमती घ्यावी. आमचा अनुभव असा की नम्रपणे विचारल्यास ते बहुधा आनंदाने संमती देतात. न विचारता लावले तर योग्य कारणासाठीही रोष ओढवतो. शक्य तेथे पहिली मांडणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी.

पट्ट्या व्रणावर लावायच्या नाहीत. टाक्यांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंस, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून, अखंड व कोरड्या त्वचेवर दोन वर आणि दोन खाली अशा चार पट्ट्या पुरतात. ड्रेसिंग हलवू नये. स्पंदाची रुंदी शंभर ते दोनशे मायक्रोसेकंद, वारंवारता ऐंशी ते शंभर हर्ट्झ. प्रवाह हळूहळू वाढवून ‘जोराच्या मुंग्या येतात, पण दुखत नाही’ असे रुग्ण म्हणेल तेथे ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांनी मुंग्या मंदावल्यासारख्या वाटतात; तेव्हा पुन्हा किंचित वाढवावा. बहुतेक घरांत भीतीपोटी प्रवाह अगदी कमी ठेवलेला असतो आणि मग ‘मशीन काही कामाचं नाही’ असा निकाल लागतो. वर सांगितलेला ४.१ टक्क्यांचा आकडा अशाच घरांत तयार होतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

वेळ तीस ते साठ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मात्र कोणत्या वेळी, हे अधिक महत्त्वाचे. टेन्सचा लाभ स्वस्थ पडलेल्या वेदनेपेक्षा हालचालीच्या वेदनेवर अधिक दिसतो. म्हणून अंथरुणातून उठण्याआधी, संडासला जाण्याआधी, पहिली वीस पावले चालण्याआधी ते चालू करावे आणि चालू ठेवूनच ती हालचाल करावी. पवन मावळातील एक पन्नाशीच्या बाई लॅमिनेक्टॉमीनंतर उठण्याच्या भीतीनेच दिवस दिवस पडून राहत. त्यांना आम्ही झोपलेले असताना यंत्र लावणे बंद करून केवळ उठण्याच्या वेळी लावण्यास सांगितले. वेदना शून्य झाली नाही. पण आठवड्याभरात त्या अंगणात आल्या, आणि रात्रीच्या दोन गोळ्यांपैकी एक त्यांनी स्वतःहून सोडली. रोज एकाच जोराने व एकाच वारंवारतेने लावल्यास चार-पाच दिवसांत शरीर त्यास सरावते, हेही ध्यानी ठेवून वारंवारता अधूनमधून बदलावी.

आपल्या व्यवसायातील एक अडचण आधुनिक पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या रुग्णाच्या पाठीस महानारायण किंवा सहचर तेल लागलेले असते. तेलकट त्वचेवर पट्टी चिकटत नाही, प्रवाह असमान जातो आणि एखाद्या कोपऱ्यात चटका बसतो. त्वचा साबणाने धुऊन, पुसून, कोरडी करून मगच पट्टी लावावी. तसेही व्रण पूर्ण भरून येईपर्यंत त्या भागावर अभ्यंग, स्वेदन वा कटिबस्ती करूच नये. पायांस हलका स्नेह लावायचा तर तो यंत्र काढल्यानंतर. आषाढ-श्रावणात लोणावळ्याची हवा अशी ओली असते की पट्टीवरील जेल दोन दिवसांत सुटते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी हे व्हायचेच. तेथे कार्बन रबराच्या पट्ट्या, स्वतंत्र जेल आणि कागदी चिकटपट्टी ही जुनी पद्धत अधिक विश्वासार्ह ठरते. पावसात वीज तासन्तास जाते, त्या दृष्टीने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे साधे यंत्र चांगले.

जाता जाता चहाविषयी. १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पत्रात २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर टेन्सचा वेदनाहारक परिणाम घटतो असे नमूद होते. एवढे कॅफीन चार-पाच कप चहातून सहज पोटात जाते. पुरावा लहान आहे. पण समाचाराला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर कपभर चहा घेणाऱ्या आमच्या रुग्णांना आम्ही हे सांगतो, आणि अग्नीच्या दृष्टीनेही ते वावगे नाही.

मलावष्टंभ हा या रुग्णांचा दुसरा शत्रू, आणि येथे आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. ट्रॅमाडॉलसारखी औषधे, पडून राहणे आणि कुंथण्याची भीती या तिघांनी मिळून अपानाची गती अडते. कुंथताना कटीतील वेदना उसळते आणि यंत्र फुकट जाते. गंधर्वहरीतकी किंवा एरंडस्नेह अल्प मात्रेत, कोमट पाणी आणि मऊ इंद्रायणी भाताची तूप घातलेली पेज यांनी पुष्कळ काम होते. (वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण आमच्या भागात पथ्यकारकाच्या हाताशी नेहमी असतो, हे आमचे भाग्य.) गुग्गुळकल्प मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर शल्यचिकित्सकास विचारल्याशिवाय देऊ नयेत.

प्रत्येक वेळी यंत्र लावण्याआधी व नंतर वेदना शून्य ते दहा या मापात लिहून ठेवण्यास आम्ही घरच्यांना सांगतो. हालचालीची वेदना वेगळी, गोळ्यांची संख्या वेगळी. काही वैद्यमित्र याला पाश्चात्त्य सोपस्कार म्हणतात. त्यांना आम्ही लोणावळ्याचेच उदाहरण देतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ सुरू केले, तेव्हा उड्डियान आणि नौली यांत पोटातील दाब किती बदलतो हे त्यांनी उपकरणांनी मोजले, क्ष-किरणांनी पाहिले. परंपरेवरील श्रद्धेमुळे त्यांना मोजमापाचा संकोच वाटला नाही. तीन दिवसांच्या नोंदीत गोळ्या किंवा हालचालीची वेदना यांपैकी काहीच कमी झालेले दिसले नाही, तर आम्ही यंत्र परत घेतो.

कोणास लावू नये, आणि कोणता शेक देऊ नये

पेसमेकर किंवा हृदयात बसविलेला तत्सम विद्युत्-उपचारक असल्यास, पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असल्यास, पट्टीच्या जागी त्वचा बधिर वा फुटलेली असल्यास, त्या भागी कर्करोग असल्यास टेन्स लावू नये. मानेच्या पुढील बाजूस, छातीच्या आरपार आणि गर्भिणीच्या उदरावर वा कटीवर लावू नये. अपस्माराच्या रुग्णात तज्ज्ञाच्या सल्ल्याविना नको.

स्क्रू आणि सळ्यांविषयी पुष्कळ गोंधळ आहे. पृष्ठवंशात टायटॅनियमचे स्क्रू असणे हे टेन्सला वर्ज्य नाही, कारण त्याने धातू तापत नाही. परंतु शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे ज्याला दवाखान्यांत नुसते ‘शेक’ म्हणतात, ती धातू असलेल्या रुग्णात निषिद्ध आहे. ती खोलवर उष्णता निर्माण करते आणि धातूभोवतीच्या पेशी भाजू शकतात. शरीरात उत्तेजकाच्या तारा रोपण केलेल्या रुग्णांत तर डायथर्मीने मृत्यू व गंभीर इजा झाल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली त्याविषयी इशारा दिला होता. अनेक ठिकाणी टेन्स, आयएफटी आणि डायथर्मी ही तिन्ही यंत्रे एकाच टेबलावर असतात आणि मदतनीस मुलगा तिघांनाही ‘करंट’ म्हणतो. यंत्रांवर मोठ्या मराठी अक्षरांत नावे व निषेध लिहून चिकटवावेत.

याहून मोठा धोका वेदना दबण्याचा आहे. शस्त्रक्रियेनंतरची वेदना दिवसागणिक उतरली पाहिजे. ती चढू लागली, तर यंत्राचा नव्हे, निदानाचा विचार करावा. मूत्र अडणे किंवा कळत नकळत होणे, मलप्रवृत्तीवरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व गुदाभोवतीच्या भागास बधिरता, पाऊल नव्याने लटके पडणे : यांपैकी काहीही आढळल्यास त्याच रात्री, सकाळची वाट न पाहता, रुग्ण शल्यचिकित्सकाकडे पाठवावा. ताप व थंडी, व्रणातून स्राव, बसले की वाढणारी व झोपले की कमी होणारी डोकेदुखी, एका पोटरीची सूज यांतही विलंब नको.

नाणे मावळातील चाळिशीचा एक भातशेतकरी चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस उत्तम होता. पायाची कळ गेली होती, लावणीच्या आधी उभा राहीन असे म्हणत होता. अठराव्या दिवशी त्याचा भाऊ आमच्याकडे यंत्र भाड्याने मागण्यास आला. कंबर पुन्हा दुखते, रात्री झोप नाही, कूस बदलता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही रुग्णास पाहिल्याशिवाय यंत्र देत नाही, म्हणून गेलो. व्रण वरून स्वच्छ होता. संध्याकाळी अंग कोमट लागे, पण तापमापक कोणी लावला नव्हता. आम्ही लावला तेव्हा १००.८ अंश भरला. अंथरुणाला नुसता धक्का लागला तरी तो ओरडत होता. घरच्यांचा आग्रह होता की आजची रात्र यंत्र लावा, उद्या पाहू. पाऊस होता, वाहन मिळणे कठीण होते, आणि पुन्हा रुग्णालयात नेणे म्हणजे पुन्हा खर्च. ते सारे खरे होते. तरीही यंत्र न लावता आम्ही चिठ्ठी दिली आणि शल्यचिकित्सकास दूरध्वनी केला. रक्ततपासणी व एमआरआयमध्ये चकतीच्या जागी जंतुसंसर्ग आढळला आणि सहा आठवडे प्रतिजैविके द्यावी लागली. त्या वर्षी त्याची लावणी भावकीने केली. त्या रात्री यंत्र लावले असते तर कदाचित त्यास झोप लागलीही असती, आणि त्या झोपेने आणखी चार दिवस गेले असते.

वेदना उरलीच तर

काही रुग्णांत शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होऊनही पायाची वा कटीची वेदना महिनोन्महिने राहते. यास पूर्वी ‘फसलेली पाठीची शस्त्रक्रिया’ असे काहीसे अन्यायकारक नाव होते. २०२१ पासून तज्ज्ञांनी त्याऐवजी ‘चिरस्थायी पृष्ठवंश-वेदना, प्रकार दोन’ अशा अर्थाचे नाव सुचविले आहे. या अवस्थेत टेन्सकडून अपेक्षा ठेवू नये. रुग्ण मग मज्जारज्जूजवळ बसविण्याच्या उत्तेजकाविषयी विचारतात, कारण मुंबईत ते रोपण होते हे त्यांनी ऐकलेले असते. खर्च लाखांत आहे, म्हणून दोन्ही बाजू आपणांस ठाऊक हव्यात. २००७ च्या एका १०० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी रोपणाच्या गटातील ४८ टक्के, तर केवळ औषधोपचाराच्या गटातील ९ टक्के रुग्णांची पायाची वेदना निम्म्याहून कमी झाली. पण त्या चाचणीत खोटे यंत्र नव्हते. नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उत्तेजक आलटून पालटून चालू व बंद ठेवला असता रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानेही कटिशूलासाठी त्याची पाठराखण केली नाही. शेत गहाण ठेवून हे रोपण करून घेण्यास आम्ही कोणास सांगणार नाही.

गृध्रसीत चरकाचार्यांनी सिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म सांगितले आहे. अग्निकर्म आणि विद्धकर्म यांस पुण्यात वैद्य गोगटे यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि व्रण पूर्ण रूढ झाल्यावर, काही महिन्यांनी, दूरच्या स्थानी, म्हणजे घोट्याजवळ वा पोटरीवर, निवडक रुग्णांत त्यांचा विचार करता येतो. शस्त्रक्रियेच्या जागी, विशेषतः जेथे धातू आहे तेथे, सुई वा शलाका नेऊ नये. तंत्रशुद्ध बस्तिक्रम आणि क्रमाक्रमाने वाढविलेले चालणे यांवर आमचा या अवस्थेत अधिक भर असतो. पुढे वाकण्याची आसने शल्यचिकित्सकाने मोकळीक देईपर्यंत टाळावीत, मग ती कितीही प्रिय असोत.

औषध विक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. विनाबिल, विनापरवाना उत्पादकाचे यंत्र दुकानात ठेवणे आता परवडणारे नाही. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे, तेव्हा ‘यंत्रासोबत दोन पट्ट्या गोळ्या’ ही मागणी चिठ्ठीविना पुरवू नये. यंत्र देताना गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत : छातीत पेसमेकर आहे काय, शस्त्रक्रिया कधी झाली, ताप आहे काय, लघवीला त्रास आहे काय. शेवटच्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर यंत्र काउंटरच्या आत ठेवावे आणि रुग्णास वैद्याकडे पाठवावे. भाड्याच्या यंत्रासोबत दिलेल्या चिकट पट्ट्या दुसऱ्या रुग्णास देऊ नयेत. प्रत्येकास नवा संच द्यावा आणि त्याची किंमत भाड्यातून वेगळी लावावी. पावसाळ्याच्या तोंडावर जेलच्या नळ्या आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या थोड्या अधिक मागवून ठेवाव्यात, कारण त्या संपल्या म्हणून खाली कामशेतला किंवा तळेगावला जाणे आंदर मावळातल्या माणसाला जुलै महिन्यात जमत नाही.